सीडीआरमधे पैसे का नसतात? टेलिकॉम रेटिंगची पार्श्वभूमी

कॉल संपला की नेटवर्क एक रेकॉर्ड लिहितं, त्याला सीडीआर म्हणतात, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. कोणी लावला, कोणाला लावला, समोरच्याने कधी उचलला, किती सेकंद चालला, कुठल्या स्विचवरून (कॉल जोडणारं यंत्र) आला आणि कुठल्या ट्रंकवरून (दोन एक्स्चेंजमधली लाइन) बाहेर पडला, सगळं असतं त्यात. फक्त त्या कॉलचे पैसे किती झाले ते नसतं. बिलिंगच्या कामात नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो की अहो मग किंमतीचा कॉलम कुठंय, आणि त्याला सांगावं लागतं की ते नंतर, दुसरीकडे, ग्राहकाचा प्लॅन बघून ठरतं. त्या "ठरवण्याला" रेटिंग म्हणतात. आता हे ऐकायला अगदी साधं वाटतं पण रेकॉर्ड वेगळं आणि किंमत वेगळी ही कल्पना पक्की व्हायला खूप वर्षं गेली, आणि मधे एक मोठा काळ असा होता की किंमत होती पण रेकॉर्डच नव्हतं.

अगदी सुरुवातीला तर मोजायचा प्रश्नच नव्हता. १८७८ मधे अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज सुरू झालं, २१ ग्राहक होते. त्या काळात फोन वापरायचं ठराविक भाडं असायचं, कितीही बोला. गंमत अशी की एक्स्चेंजमधे ग्राहक वाढले की प्रत्येक ग्राहकाचे कॉलही वाढतात, कारण बोलायला माणसं जास्त मिळतात, त्यामुळे ऑपरेटर आणि कॉल जोडायच्या दोऱ्यांचा खर्च ग्राहकांच्या संख्येपेक्षा वेगाने चढतो आणि ठराविक भाड्याचं गणित कंपनीला जमेना. मग प्रत्येक कॉलमागे पैसे घ्यायची टूम निघाली. १८८६ मधे रॉचेस्टर गावात बेल कंपनीने ही मोजणीची पद्धत लावायचा प्रयत्न केला तर ग्राहकांनी फोन वापरणंच बंद केलं, आणि एकदोन आठवडे नाही, जवळपास दीड वर्ष. मोजून पैसे घेणं विरुद्ध अनलिमिटेड हा वाद किती जुना आहे ते यावरून कळतं.

लांबच्या कॉलचं मात्र वेगळं होतं, तिथे मोजणी लोकांनी मान्य केली होती. ऑपरेटर कॉल जोडताना एक कागदी तिकीट भरायची, त्यावर दोन्ही नंबर, गावं, वेळ. कॅल्क्युलाग्राफ नावाचं एक घड्याळासारखं यंत्र होतं, कॉल सुरू होताना तिकीट त्यात घालून दांडा ओढायचा, संपल्यावर परत ओढायचा, की किती वेळ गेला ते तिकिटावर छापून यायचं, वजाबाकी करायची गरज नाही. मग ती तिकिटं हिशोबाच्या खात्यात जायची आणि तिथला कारकून दरांचं पुस्तक उघडून, दोन गावांमधला दर काढून रक्कम लिहायचा. माझ्या मते हेच पहिलं रेटिंग. तिकीट म्हणजे सीडीआर, दरपुस्तक म्हणजे आजचं टॅरिफ टेबल, आणि कारकून म्हणजे रेटिंग इंजिन.

मग स्वयंचलित एक्स्चेंज आलं (स्ट्रॉजरचं पेटंट १८९१ चं, पहिलं एक्स्चेंज १८९२ मधे ला पोर्ट गावात) आणि हळूहळू ऑपरेटर मधून निघून गेली. तिच्याबरोबर तिकीटही गेलं. आता कोण लिहिणार? उत्तर निघालं मीटर. प्रत्येक ग्राहकाच्या लाइनला एक्स्चेंजमधे एक छोटा आकड्यांचा काउंटर, समोरच्याने फोन उचलला की एक विजेचा झटका आणि आकडा एकने पुढे. पल्स हा शब्द आपण अजून वापरतो ना, तो इथला. लोकल कॉलला एक पल्स चालून जायचा पण लांबच्या कॉलला वेळही मोजायला हवा, त्यासाठी फिनलंडच्या कार्लसन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली, कॉल चालू असेपर्यंत ठराविक अंतराने पल्स पाठवत राहायचे, गाव जितकं लांब तितके पल्स जवळजवळ. यात एक बारकावा मला फार आवडतो. पल्स देणारं यंत्र सगळ्या कॉलना मिळून एकच, ते आपल्या तालात चालू असतं, तुमचा कॉल त्या तालात कुठेतरी मधेच सुरू होतो, म्हणजे पहिला पल्स लगेच पडेल किंवा बऱ्याच वेळाने पडेल. एखाद्या कॉलमधे तुमचं नुकसान, पुढच्यात फायदा, महिनाभराच्या हिशोबात ते बरोबर बसतं. प्रत्येक कॉलसाठी वेगळं घड्याळ ठेवण्यापेक्षा सरासरीवर विश्वास ठेवला.

ब्रिटनमधे ५ डिसेंबर १९५८ ला राणी एलिझाबेथने ब्रिस्टलहून थेट डायल करून एडिंबराला फोन लावला, ही तिथली एसटीडीची सुरुवात. एसटीडी म्हणजे सब्स्क्रायबर ट्रंक डायलिंग, हा शब्द कितीतरी वर्षं आपल्या तोंडात होता. तो कॉल २ मिनिटं ५ सेकंद चालला आणि त्याचे १० पेन्स झाले. मागे जे यंत्र होतं त्याचं नाव ग्रेस, ते डायल केलेल्या नंबरवरून रस्ताही ठरवायचं आणि पल्सचा वेगही.

आता इथे थांबून बघा काय झालं. दर कुठे आहे? तारांच्या जोडणीत आहे. दर बदलायचा तर यंत्रातला पल्सचा वेग बदला. रात्री स्वस्त हवं तर रात्री पल्स सावकाश. हिशोबाच्या वेळी मीटरच्या रांगांचे फोटो काढायचे, आकडे वाचायचे, मागच्या वेळचा आकडा वजा करायचा, झालं बिल. स्वस्त आणि टिकाऊ, यात वाद नाही. पण ग्राहक म्हणाला की माझे एवढे झालेच नाहीत तर दाखवायला काय आहे? एक आकडा, बस. कुठला कॉल, कधी, किती वेळ, काही नाही. आणि एकाच एक्स्चेंजमधल्या दोन ग्राहकांना त्याच गावाला वेगवेगळा दर द्यायचा असेल तर मीटरला ते जवळपास अशक्यच, त्याला फक्त बेरीज येते. प्लॅन नावाची गोष्ट या जगात राहूच शकत नव्हती.

अमेरिकेत वाट थोडी वेगळी झाली. तिथे लांबच्या कॉलचा तपशील बिलात बघायची लोकांना तिकिटांमुळे सवय होती, म्हणून ऑपरेटरशिवाय डायलिंग द्यायचं तर तिकिटाला पर्याय यंत्रानेच द्यायला हवा होता. बेल लॅब्जने ऑटोमॅटिक मेसेज अकाउंटिंग बनवलं, एएमए, आणि १९४८ मधे पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या नवीन क्रॉसबार पद्धतीच्या स्वयंचलित एक्स्चेंजमधे ते बसलं. एक्स्चेंज कागदी पट्टीवर भोकं पाडायचं. एका कॉलची नोंद सलग नसायची, नंबर एका जागी, उचलल्याची वेळ पुढे कुठेतरी, ठेवल्याची वेळ आणखी पुढे, आणि मधे इतर कॉलच्या नोंदी मिसळलेल्या. पट्ट्या हिशोब केंद्रात जायच्या, तिथली यंत्रं एकेका कॉलचे तुकडे शोधून जोडायची, वेळ काढायची, क्रम लावायची. आजची मीडिएशन सिस्टिम काय वेगळं करते? वेगवेगळ्या स्विचकडून आलेल्या फाइल गोळा करायच्या, लांब कॉलचे तुकडे जोडायचे, डुप्लिकेट काढायचे, उचललेच नाहीत ते कॉल बाजूला ठेवायचे, तेच काम. १० नोव्हेंबर १९५१ ला एंगलवुडहून अलामेडाला, न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया, थेट डायल केलेला कॉल गेला तो याच हिशोबाच्या भरवशावर. मला विचाराल तर टेलिकॉम बिलिंगमधली सगळ्यात मोठी कल्पना हीच की एक्स्चेंजने फक्त काय घडलं ते लिहावं, किंमत लावायची जबाबदारी त्याची नाही.

एकदा ते सुटं झालं की दर काढायची रीत वाटेल तशी बदलता येते. अंतराचंच बघा, देशभरातल्या हजारो ठिकाणांच्या प्रत्येक जोडीचं अंतर टेबलात ठेवणं शक्य नाही, म्हणून १९५० च्या दशकात एटी अँड टी या अमेरिकेतल्या बड्या टेलिफोन कंपनीच्या जे डोनाल्ड यांनी पृथ्वीचा गोलवा हिशोबात धरून एक सपाट नकाशा बनवला, प्रत्येक ठिकाणाला दोन आकडे दिले, व्ही आणि एच. दोन ठिकाणांच्या आकड्यांचा फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा, १० ने भागा, वर्गमूळ काढा, मैल मिळाले. त्या काळच्या यंत्रांना झेपेल एवढंच गणित.

मग १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीचं विभाजन झालं, लांबच्या कॉलच्या धंद्यात स्पर्धा वाढली, आणि दर फक्त अंतरावर ठरायचे दिवस संपत आले. १९९१ मधे एटी अँड टीची स्पर्धक एमसीआय हिने फ्रेंड्स अँड फॅमिली नावाची योजना आणली, तुमच्या यादीतली माणसंही एमसीआयची ग्राहक असतील तर त्यांच्याशी बोलायला सूट. रेटिंगच्या नजरेने बघा, आता एका कॉलची किंमत काढायला लावणाऱ्याची यादी बघायची, समोरचा कोणाचा ग्राहक आहे ते बघायचं, आणि ते त्या तारखेला खरं होतं का तेही बघायचं. एमसीआयची बिलिंग सिस्टिम हे करू शकत होती, एटी अँड टीला पटकन तसं काही आणता आलं नाही. बिलिंग सॉफ्टवेअर हा मागच्या खोलीतला हिशोब राहिला नाही, ते स्पर्धेचं हत्यार झालं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा वेगळा धंदाच उभा राहिला, त्यातली केनन सिस्टिम्स १९९९ मधे ल्युसंट या टेलिकॉम यंत्रांच्या कंपनीने सुमारे दीड अब्ज डॉलरला घेतली.

रेटिंग आतून चालतं कसं ते इथे सांगायला हवं कारण बाहेरून ते "सेकंद गुणिले दर" एवढंच दिसतं. आधी गायडिंग, म्हणजे हा नंबर त्या दिवशी कुठल्या खात्याचा होता ते शोधणं, आजचा नाही, त्या दिवशीचा. मग समोरच्या नंबरचे सुरुवातीचे आकडे टेबलात जुळवायचे आणि जो सगळ्यात लांब जुळेल तो झोन, म्हणजे दराचा विभाग, धरायचा. मग त्या तारखेला त्या ग्राहकाचा कुठला प्लॅन लागू होता आणि त्या प्लॅनचा कुठला दर. मग राउंडिंग. ६१ सेकंदांचा कॉल ६०/६० नियमाने (कमीत कमी ६० सेकंद, पुढे ६०-६० च्या टप्प्याने) १२० सेकंदांचा होतो, ६०/१ ने (कमीत कमी ६०, पुढे एकेक सेकंद) ६१ चाच राहतो, आणि दर कागदावर अगदी सारखा दिसत असतो. ब्रिटनमधे १९९४ ला ऑरेंज या मोबाइल कंपनीने पर सेकंद बिलिंग घेऊन बाजारात उडी मारली तेव्हा त्यांनी खरं तर राउंडिंगच विकलं.

खरी डोकेदुखी बंडलची, म्हणजे प्लॅनमधे मिळालेल्या फुकट मिनिटांची. बंडलमधे २ मिनिटं उरलीत आणि कॉल ५ मिनिटांचा झाला, तर रेकॉर्डचे दोन भाग करायचे, २ मिनिटं फुकट आणि ३ ना दर, पण त्या ३ मिनिटांना पहिल्या मिनिटाचा नियम पुन्हा लावायचा का नाही? प्लॅनच्या कागदात हे लिहिलेलं नसेल तर डेव्हलपर ठरवतो, आणि हे बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे. आणि रेकॉर्ड क्रमाने येत नाहीत. ३ तारखेचा कॉल ९ तारखेला येतो कारण कुठल्यातरी स्विचची फाइल अडकली होती, तोवर नंतरच्या कॉलनी बंडल संपवून टाकलेलं असतं. आता उशिरा आलेल्याला पूर्ण दर लावायचा का सगळे परत मोजायचे? परत मोजण्याला रीरेटिंग म्हणतात, आणि ते करता येतं एवढ्याचसाठी की मूळ रेकॉर्डमधे किंमत मिसळलेली नाही.

रोमिंगमधे तर एकाच कॉलला दोन किंमती. परक्या नेटवर्कने आपला घाऊक दर लावून टॅप फाइल पाठवायची, टॅप ही जीएसएमवाल्यांनी ठरवलेली सगळ्यांची सामायिक रचना, आणि घरच्या नेटवर्कने त्याच रेकॉर्डला आपल्या ग्राहकाच्या प्लॅनने पुन्हा रेट करायचं.

पण हे सगळं नंतरचं, कॉल होऊन गेल्यावरचं. प्रीपेडने ते उलटं केलं. पोर्तुगालच्या टीएमएन कंपनीने १९९५ मधे मिमो नावाने प्रीपेड मोबाइल आणला आणि मग ते जगभर पसरलं. इथे बिल पाठवायची सोयच नाही, पैसे संपले की तिथल्या तिथे कॉल तुटला पाहिजे, म्हणजे प्रश्न बदलला. आधी विचारायचे एवढ्या सेकंदांचे किती पैसे, आता विचारायचं एवढ्या पैशात किती सेकंद. खात्यात १० युनिट, दर सेकंदाला ०.२, तर ५० सेकंद दे आणि मग परत विचार. नेटवर्कमधे यासाठी आधी इंटेलिजंट नेटवर्क आलं, म्हणजे कॉल चालू असताना स्विचने वेगळ्या कॉम्प्युटरला विचारायची सोय, तीच रोमिंगमधेही चालावी म्हणून कॅमेल नावाचं मानक आलं, आणि डेटासाठी २००५ मधे आरएफसी ४००६ हे मानक, डायमीटर क्रेडिट कंट्रोल. त्यात नेटवर्क कोटा (थोडा थोडा वापर करायची परवानगी) मागतं, चार्जिंग सिस्टिम तेवढे पैसे अडवून ठेवते, कोटा संपत आला की वापर कळवून नवीन मागायचा, शेवटी उरलेलं परत.

कोटा मोठा ठेवला तर एकाच वेळी डेटा आणि कॉल चालू असताना पैसे विनाकारण अडकून राहतात आणि खात्यात शिल्लक असून कॉल लागत नाही. छोटा ठेवला तर प्रश्नोत्तरांचाच भार इतका वाढतो की सिस्टिम दमते. आणि चार्जिंग सिस्टिमच बंद पडली तर? आरएफसी ४००६ मधे याचंही उत्तर आधीच ठरवून ठेवायची जागा आहे, सेशन (चालू कॉल किंवा डेटा) तोडायचं, चालू ठेवायचं, का दुसऱ्या सर्व्हरकडे विचारून बघायचं आणि मग तोडायचं.

बरीच वर्षं पोस्टपेडचं रेटिंग एका सिस्टिममधे आणि प्रीपेडचं दुसरीत असं चालायचं, एकच प्लॅन दोनदा लिहायचा आणि दोन्हीकडे राउंडिंग जुळतंय का ते तपासत बसायचं. ५जीच्या मानकांमधे ते एकत्र केलंय, सीएचएफ नावाचं एकच चार्जिंग फंक्शन, कोटाही तेच देतं आणि सीडीआरही तेच लिहितं. म्हणजे पैसे आता सेशन चालू असतानाच कापले जातात, आणि तरी मागे रेकॉर्ड लिहिलं जातंच, कारण ग्राहकाने फोन करून विचारलं की माझे पैसे कुठे गेले तर दाखवायला तेच लागतं.