गोचीड ताप की लेप्टो?

पावसाळ्यात कुत्रा दोन दिवस ताटलीकडे फिरकला नाही की घरातलं कुणीतरी त्याच्या कानामागे बोटं फिरवतं. गोचीड सापडते आणि निदान तिथल्या तिथे होऊन जातं: टिक फीव्हर. पण फोंडा असो, डिचोली असो की पेडणे, गोव्यातल्या कुत्र्यावर गोचीड सापडणं हा कसलाच पुरावा नव्हे. ती धडधाकट कुत्र्यावर असते, तशीच लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीतून पसरणारा आजार) झालेल्या कुत्र्यावरही असते. आणि लेप्टोत दोन-तीन दिवस वाया गेले की मूत्रपिंडं हातची जायला लागतात.

दोन्ही आजारांची सुरुवात सारखीच. ताप, सुस्ती, जेवणाकडे पाठ, मग उलट्या, कधी पिवळे डोळे. (कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो कायम गरमच लागणार. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. थर्मामीटर लावावा.) आत जे चाललेलं असतं ते मात्र अगदी वेगळं.

गोचीड ताप हा मुळात एक आजार नाहीच, ती दोन-तीन आजारांची मोट आहे. आपल्याकडे मुख्य दोन. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो, आणि या आजारात प्लेटलेट्स घसरतात. बबेसिया हा मलेरियाच्या परजीवीच्या गणगोतातला. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. त्याचा गिब्सोनी नावाचा प्रकार तर भारतातच पहिल्यांदा नोंदला गेला, 1910 मध्ये, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. हे दोन्ही आजार गोचीड चावल्याने होतात. बबेसियाला अंगात उतरायला गोचीड साधारण दोन-तीन दिवस चिकटून असावी लागते, एर्लिकियाला मात्र काही तास पुरतात. म्हणून ‘रविवारी सगळ्या काढतो’ हा बेत अर्धाच उपयोगाचा.

हे आजार आणणाऱ्या तपकिरी गोचिडीची एक खोड माहीत असलेली बरी. पोट भरलं की ती कुत्र्यावरून उतरते आणि भिंत चढते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीची गिलावा न केलेली भोकं, दाराच्या चौकटीमागची फट, पडवीतल्या बाकड्याची खालची बाजू, अशा जागा तिला हव्याच असतात. तिथे एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. टॉर्च मारून चिऱ्याची भोकं बघा. कुत्र्याला कितीही आंघोळ घातली तरी गोचिडी परत कुठून येतात, ते तिथे दिसेल.

लेप्टोचा गोचिडीशी काडीचाही संबंध नाही. हा पिळदार आकाराचा जिवाणू मुख्यतः उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतो. उबदार ओलाव्यात तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, कोरड्या उन्हात मरतो. शेताची मेर, कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) पाट, गटार तुंबून अंगणात आलेलं पाणी, रात्रभर पडवीत राहिलेली उष्ट्या भाताची ताटली ही त्याची ठिकाणं. पंजाला खरचटलेलं असलं, पाण्याने कातडी मऊ पडलेली असली किंवा कुत्र्याने ते पाणी नुसतं चाटलं तरी तो आत जातो. पुढच्या एक-दोन आठवड्यांत यकृत आणि मूत्रपिंड धरतो.

पिवळेपणा दोन्हीकडे दिसू शकतो, कारण मात्र वेगळं. बबेसियात तांबड्या पेशी इतक्या फुटतात की यकृताला तो पसारा निस्तरत नाही. लेप्टोत यकृतच आजारी असतं. त्यामुळे पिवळेपणासोबत आणखी काय आहे ते बघायचं. हिरड्या पांढऱ्याफटक आणि लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद लाल, तर संशय बबेसियावर जास्त. हिरड्यांचा रंग बरा, पण उलट्या थांबत नाहीत, पाठ-पोट दुखतं म्हणून उठायला कुरकुरतो, आधी सारखं पाणी पितो, भरपूर लघवी करतो आणि मग लघवी जवळजवळ बंदच होते, तर लेप्टो. नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके दिसले तर एर्लिकियाकडे बोट जातं, पण तसा रक्तस्राव लेप्टोतही होतो. बघणं दिवसा उजेडी करा. रात्री पिवळ्या बल्बखाली कावीळ दिसत नाही. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

घरच्या घरी एवढंच. पुढचं काम रक्ताच्या तपासणीचं, आणि खरी फसगत होते ती तिथेच. प्लेटलेट्स कमी आल्या की ‘बघा, टिक फीव्हर’ म्हणून सगळे मोकळे होतात. प्लेटलेट्स लेप्टोतही उतरतात. दवाखान्यातली झटपट पट्टी एर्लिकियाला पॉझिटिव्ह आली तरी ती अँटिबॉडी दाखवते, आणि अँटिबॉडी जुन्या संसर्गानंतर महिनोन्महिने रक्तात राहते. गोचिडींतच वाढलेल्या कुत्र्याची पट्टी आज पॉझिटिव्ह आली म्हणजे आजचा आजार तोच, असं होत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच पट्ट्यांत बबेसिया नसतोच. तो काचपट्टीवरच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली शोधावा लागतो किंवा पीसीआर करावी लागते. म्हणून पावसात पिवळा पडलेला कुत्रा नेला की मी तरी एक गोष्ट अडून मागेन: क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी. पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि क्रिएटिनिन चढलेलं असेल तर पट्टी काहीही म्हणो, लेप्टो धरून चालावं.

‘डॉक्सी चालू करू, दोन्हीला लागू पडते’ हेही नेहमी कानावर येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस द्यावी लागते. ताज्या आजारात एक-दोन दिवसांत कुत्रा जेवायला लागतो आणि गोळ्या चौथ्या दिवशी फडताळात जातात. मग तोच आजार काही महिन्यांनी अस्थिमज्जा धरून परत येतो. बबेसियावर डॉक्सी एकटी पुरत नाही, त्याची औषधं निराळी. आणि लेप्टोतला कुत्रा गोळी ओकून टाकतो. त्याला आधी सलाइन आणि पेनिसिलिनच्या जातीची इंजेक्शनं हवीत, मूत्रपिंडातला जिवाणू काढण्यासाठी डॉक्सी त्यानंतर. घरातलं पॅरासिटामोल किंवा आयब्युप्रोफेन मात्र कुणालाच देऊ नका. मांजराचा तर पॅरासिटामोलच्या एका गोळीनेही जीव जातो.

मांजरांना हे दोन्ही आजार क्वचितच होतात. त्यांना धोका आहे तो कुत्र्याच्या औषधाचा. परमेथ्रिन असलेला गोचिडीचा स्प्रे किंवा मानेवरचे थेंब कुत्र्याला चालतात, मांजराला झटके आणतात. कुत्र्याला लावल्यावर दोघं एकमेकांना चिकटून झोपली तरी तेवढं पुरतं.

लसीचाही घोळ आहेच. ‘आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलंय’ म्हणतात ते बहुधा रेबीजचं, मोहिमेवाल्यांनी दारात येऊन टोचलेलं. चांगलंच आहे, पण त्याचा इथे उपयोग नाही. लेप्टोची लस पपीच्या सात-इन-वनसारख्या मिश्र लसीत असते, सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. जिवाणूच्या सगळ्या उपप्रकारांना ती पुरत नाही, म्हणून लस झालेल्या कुत्र्यातही लेप्टो पार नाकारता येत नाही. गोचीड तापावर आपल्याकडे लस नाही. तिथे चघळायची गोळी, नाहीतर कॉलर आणि चिऱ्याची भोकं बुजवणं.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणखी एक गोंधळ होतो. 2015 पासून तिथे माकडताप आहे, तोही गोचिडीतून येतो, म्हणून कुत्र्याला टिक फीव्हर म्हटलं की घरातली माणसं धास्तावतात. माकडतापाचा विषाणू वेगळा, त्याची रानातली गोचीडही वेगळी. कुत्र्याचा एर्लिकिया किंवा बबेसिया त्याला कुरवाळल्याने माणसाला होत नाही.

लेप्टो होतो. फरक कळायला हवा तो मुख्यतः यासाठी. आजारी कुत्र्याच्या लघवीतून जिवाणू बाहेर पडतो, म्हणून ती साफ करताना हातमोजे घाला, पायात चप्पल असू द्या, पाइपाने जोरात पाणी मारून तुषार उडवू नका आणि ब्लीचच्या पाण्याने जागा पुसा. मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा. घरात कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की घरच्या कुत्र्याला लेप्टो झालाय. घरात दुसरा कुत्रा असेल तर तो ठणठणीत दिसला तरी त्याच्याबद्दलही पशुवैद्यांना विचारा, कारण तोही त्याच चिखलात फिरलेला असतो. अशा वेळी त्यालाही बहुधा दोन आठवडे डॉक्सी दिली जाते.