बोट पळवायची की माणूस सांभाळायचा? मुंबईच्या सुहैलीपासूनची गोष्ट

लांब पल्ल्याच्या सेलिंगमध्ये वेग की आराम हा वाद निघाला की सगळे थेट आजच्या कार्बन फायबरच्या बोटींवर येतात, पण त्यातला मोठा धडा मुंबईत बांधलेल्या सुहैली या जाडजूड सागवानी बोटीने दिलाय, आणि कुलाब्यात राहणाऱ्यांनाही ते माहीत नसतं.

आधी तर हा वादच नव्हता. १८६६ च्या चहाच्या शर्यतीत क्लिपर म्हणजे वेगवान शिडाची जहाजं चीनहून लंडनला ९९ दिवसांत पोचली, पहिल्या दोघांत अर्ध्या तासाचाही फरक नाही, खलाशी झोपले का कोण विचारतंय! चहा आधी पोचला की भाव चांगला, बस.

मग १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या मर्चंट नेव्हीतल्या ब्रिटिश ऑफिसरने मुंबईत ३२ फुटी सुहैली बांधून घेतली. डिझाइन तेव्हाच जुनं, नॉर्वेच्या लाइफबोटींच्या वळणाचं, मागूनही निमुळतं, वजनदार. पाण्यातली लांबी साधारण २८ फूट, म्हणजे कितीही वारा भरला तरी सातेक नॉटच्या (तासाला साधारण १३ किमी) वर फारशी जाणारच नाही, कारण अशी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले, न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा, आणि पूर्ण केली ती फक्त सुहैलीने, ३१२ दिवसांत, सरासरी चार नॉटच्या आसपास. वाटेत सेल्फ स्टिअरिंग, म्हणजे बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र, मोडलं तर पठ्ठ्याने शिडंच अशी लावली की बोट आपोआप वाट धरेल आणि याला झोप मिळेल. त्याच शर्यतीतल्या नायजेल टेटलीची ट्रायमरान (तीन सांगाड्यांची बोट) जास्त वेगवान होती, पण दुसरा स्पर्धक डोनाल्ड क्रोहर्स्ट मागून वेगाने गाठतोय असं वाटून (तो रेडिओवर खोट्या पोझिशन देत होता) टेटलीने आधीच खिळखिळी झालेली बोट दामटली आणि ती अझोर्सजवळ फुटून बुडाली.

हलकी, सपाट बुडाची बोट लाटेवर चढते आणि धाडकन आपटते, पावसाळ्याच्या तोंडावर मांडव्याच्या स्पीडबोटीत बसलेल्याला वेगळं सांगायला नको. जड बोट लाट कापत डुलत जाते. टेड ब्रूअर या डिझायनरने यावरून कम्फर्ट रेशो, म्हणजे बोट लाटांत किती आरामात चालेल याचा आकडा, काढला, तोही अर्धा गमतीत, पण लोक अजून तो आकडा बघून बोटी घेतात!

नॉक्स-जॉन्स्टन पुढे दुसऱ्या टोकालाही गेला. १९९४ मध्ये न्यूझीलंडच्या पीटर ब्लेकबरोबर एन्झा या कॅटमरानने (दोन सांगाड्यांची बोट) जगप्रदक्षिणा ७४ दिवस २२ तासांत, आणि शेवटच्या वादळात बोट फार पळू नये म्हणून मागे दोरखंड सोडून तिला ओढून धरावं लागलं. विक्रमाच्या शर्यतीत ब्रेक, माझ्या मते या सगळ्यातला हाच किस्सा भारी.

पण जड बोट म्हणजे सुरक्षित असंही नाही हां. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरली तेव्हा भारताचा अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या सुहैलीच्याच प्रतिकृतीत, थुरियात होता, दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, फ्रेंच जहाजाने उचलून आणलं. पुढच्या गोल्डन ग्लोबला तो पुन्हा उतरला, नियमाप्रमाणे पुन्हा जुन्या डिझाइनचीच, लांब कीलची (बुडाखालचा जड कणा) बोट घेऊन, आणि २०२३ मध्ये २३६ दिवसांत दुसरा आला.