व्हिडिओ गेममधलं इंटरॅक्टिव्ह कथाकथन

गोष्ट नुसती बघायची नाही तर खेळणारा काय ठरवतो, कुठे जातो, कधीकधी तर कुठे गप्प बसतो यावर ती पुढे सरकते, अशा पद्धतीने गोष्ट सांगण्याला इंटरॅक्टिव्ह कथाकथन म्हणतात. सुरुवात टेक्स्ट गेमपासूनची, १९७६ च्या विल क्राउदरच्या ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’मधे चित्रं नव्हतीच, एकदोन शब्द टाईप करायचे आणि गुहेत शिरायचं.

बऱ्याच जणांना वाटतं इंटरॅक्टिव्ह म्हणजे भरपूर शेवट. तसं नाहीये. १० ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवून सगळे फाटे वेगळे लिहायचे म्हटलं तर १,०२४ वाटा होतात, एवढं लिहिणार कोण, म्हणून लेखक फाटे पुढे परत एकत्र आणतात आणि तुम्ही काय केलंत याची फक्त नोंद ठेवतात, ती नंतर एखाद्या संवादात डोकावते. ‘द वॉकिंग डेड’ या गेमच्या (२०१२) पहिल्या भागात झॉम्बींच्या हल्ल्यात कार्ली आणि डग या दोन पात्रांपैकी एकालाच तुम्ही वाचवू शकता, विचार करायला वेळ नसतो, आणि खरं तर पुढची गोष्ट बरीचशी तीच राहते. तरी ते डोक्यातून जात नाही कारण कोण मेलं हे तुम्ही ठरवलेलं असतं. पुण्यात कट्ट्यावर सिनेमाची गोष्ट सांगणारा “हिरो तिला सोडून गेला” म्हणतो आणि गेमची सांगताना तोच “अरे मी सोडलं रे तिला” म्हणतो, सगळ्यात मोठा बदल हाच आहे.

पर्यायांची यादी न दाखवताही हे जमतं. लुकास पोपच्या ‘पेपर्स, प्लीज’मधे (२०१३) तुम्ही सीमेवर कागदपत्रं तपासता, जेवढी माणसं तेवढा पगार, त्यातच घरच्यांचं जेवण आणि औषधं. एक नवरा आत जातो, मागून बायको येते, तिच्याकडे परमिट नाही. शिक्का मारून आत सोडलं तर वॉर्निंग, वॉर्निंगा साठल्या की दंड, म्हणजे दया केली तर घरातलं काहीतरी कमी पडणार.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) मात्र सरळ एका रेषेत जाते. भाऊ गोलूला शोधणाऱ्या राजीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत सांगतात, आणि भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलात तर देवांच्या कथा ऐकू येतात, न थांबता पळालात तरी चालतं. फाटे नाहीत म्हणून ही इंटरॅक्टिव्ह गोष्ट नाही असं म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही, किती ऐकायचं आणि कुठे रेंगाळायचं हे इथे खेळणाराच ठरवतो.