मनोविकारतज्ज्ञांमधील बर्नआउट : कामाच्या ठिकाणची कारणे

मनोविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये कामाच्या दीर्घकाळ चाललेल्या आणि आटोक्यात न आलेल्या ताणातून निर्माण होणारी अवस्था. तिची तीन अंगे मानली जातात. पहिले, सुट्टी घेऊनही न जाणारा भावनिक थकवा. दुसरे, रुग्णांविषयी येणारा कोरडेपणा. समोरचा माणूस हळूहळू ‘केस’ होऊन जातो. तिसरे, आपल्या हातून काही चांगले घडते आहे हा विश्वास उडणे. ‘कार्यक्लांती’ हा पर्यायी शब्द अधूनमधून वापरला जातो, पण डॉक्टरांच्या बोलण्यात ‘बर्नआउट’च रुळला आहे.

ही संकल्पनाच मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जन्मली. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसभराचा स्वतःचा व्यवसाय आटोपून न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात रात्री काम करत. तेथे व्यसनाधीन तरुण उपचारांसाठी येत. उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत विझल्यासारखे होतात, हे त्यांनी पाहिले आणि स्वतःही अनुभवले. 1974 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये 22 विधानांची मापनश्रेणी तयार केली. वर दिलेली तीन अंगे तिच्यातूनच आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (1 जानेवारी 2022 पासून लागू) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, व्यवसायाशी निगडित घटना म्हणून आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. आजार म्हटला की उपचार डॉक्टरवर करायचे. व्यवसायाशी निगडित घटना म्हटली की त्या डॉक्टरचे वेळापत्रक, वॉर्ड आणि वरिष्ठ यांच्याकडेही पाहावे लागते.

नैराश्य आणि बर्नआउट एकमेकांत गुंतलेले असतात, पण एकच नव्हेत. नैराश्य आयुष्याच्या सगळ्या कोपऱ्यांत शिरते, तर बर्नआउटचे मूळ कामात असते. या फरकावर फार विसंबून राहू नये, कारण दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात आणि बर्नआउट समजून नैराश्य उपचारांविना राहिले तर ते जिवावर बेतू शकते.

आकड्यांबाबत सावधगिरी हवी. डॉक्टरांमधील बर्नआउटवरच्या 182 अभ्यासांचा आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाण शून्यापासून 80.5 टक्क्यांपर्यंत आढळले, कारण अभ्यासकांनी बर्नआउटच्या किमान 142 वेगवेगळ्या व्याख्या वापरल्या होत्या. उत्तर अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक मनोविकारतज्ज्ञांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 78 टक्क्यांचे गुण बर्नआउट सुचवणाऱ्या पातळीवर होते. सहभाग ऐच्छिक असल्याने थकलेल्यांनीच अधिक उत्तरे दिली असण्याची शक्यता आहे. त्या पाहणीतला अधिक मोलाचा निष्कर्ष वेगळा आहे : आपल्या वेळापत्रकावर ताबा नसणे आणि कामाचे ठिकाण कोणत्या प्रकारचे आहे, या दोन गोष्टींचा बर्नआउटशी स्वतंत्र संबंध दिसला. स्त्री डॉक्टरांमध्येही प्रमाण जास्त होते.

जबाबदारी आणि अधिकार

कामाचा बोजा हे सर्वांत आधी सांगितले जाणारे कारण. पण नुसत्या बोजाने सगळे उलगडत नाही. रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, मागण्या जास्त आणि निर्णयाचा वाव कमी असे काम सर्वाधिक ताण देते. मनोविकारतज्ज्ञाची स्थिती या वर्णनात चपखल बसते. रुग्णाला दाखल करून घेतले पाहिजे हे त्याला दिसते, पण खाट रिकामी नसते. डिस्चार्ज द्यायला हरकत नसते, पण रुग्णाला घर नसते किंवा घरचे न्यायला तयार नसतात. औषध कोणते हे तो ठरवतो. ते परवडेल का, मिळेल का, हे ठरवणे त्याच्या हातात नसते. बरेवाईट झाले की सही मात्र त्याचीच असते.

वेळेचा प्रश्न या शाखेत अधिक टोचतो, कारण येथे निदानाचे मुख्य साधन संभाषण आहे. हृदयरोगतज्ज्ञाला आलेख मदत करतो. मनोविकारतज्ज्ञाला रुग्ण बोलता होईपर्यंत थांबावे लागते आणि गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच जमत नाही. अनेक व्यवस्थांमध्ये मानसोपचाराचे संभाषण इतर व्यावसायिकांकडे आणि डॉक्टरकडे फक्त औषधांची चिठ्ठी, अशी विभागणी झाली आहे. माणसाची गोष्ट ऐकण्याच्या ओढीने ज्याने ही शाखा निवडली, त्याच्याकडून ऐकण्याचाच भाग काढून घेतला जातो. माझ्या मते तासांच्या संख्येइतकेच हे नुकसानही झिजवणारे असते, मात्र ते हजेरीपटात उमटत नाही.

कागदपत्रांचा भारही वेगळ्या जातीचा आहे. मनोविकारांच्या केस पेपरमध्ये तपासण्यांचे आकडे थोडे आणि वर्णन जास्त असते. त्यात रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याचे कायदेशीर अर्ज, प्रमाणपत्रे, न्यायालयाला द्यायचे अहवाल यांची भर पडते. संगणकीय नोंदी आल्यावर रुग्णाकडे पाहायचे की पडद्याकडे, हा पेच उभा राहिला. आणि रुग्णाकडे पाहणारा डॉक्टर नोंदी घरी नेऊन रात्री पूर्ण करतो.

रुग्णाची आत्महत्या

या शाखेतला सर्वांत जड प्रसंग हाच. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सर्वेक्षणात सुमारे निम्म्या मनोविकारतज्ज्ञांनी किमान एक रुग्ण आत्महत्येत गमावला होता. म्हणजे हा अपवादात्मक अपघात मानता येत नाही. या पेशात तो अपेक्षित धरूनच तयारी हवी. तरीही अनेक ठिकाणी तो घडल्यावर काय करायचे याची कसलीच व्यवस्था नसते. बातमी फोनवर कळते आणि पुढचा रुग्ण दाराबाहेर बसलेला असतो.

त्यानंतर डॉक्टर मनात शेवटची भेट पुन्हा पुन्हा तपासतो. काय विचारले, काय सुटले, औषध किती दिवसांचे दिले. गोपनीयतेमुळे घरी बोलता येत नाही. सहकाऱ्यांशी बोलावे तर चौकशीत ते आपल्यावरच येईल अशी भीती असते. संस्थेची भूमिका येथे निर्णायक ठरते. ‘काय घडले’ हे समजून घेणारी बैठक आणि ‘कोणाचे चुकले’ हे शोधणारी चौकशी यांत फार अंतर आहे, आणि दोन्हींना बहुतेकदा ‘आढावा’ असे एकच नाव दिलेले असते. पन्नास वर्षांच्या 365 अभ्यासांचे 2017 मधील एकत्रित विश्लेषण सांगते, की ज्ञात जोखीम घटकांवरून आत्महत्येचे भाकीत करण्याची क्षमता नाणेफेकीपेक्षा थोडीच बरी आहे. जे भाकीत शास्त्रालाही जमत नाही ते न केल्याबद्दल एका डॉक्टरला दोषी धरणे हा अन्याय आहे. अशा अन्यायानंतर डॉक्टर बचावात्मक होतो : जोखमीचे रुग्ण टाळतो, गरज नसता दाखल करतो, नोंदी रुग्णासाठी न लिहिता वकिलासाठी लिहू लागतो.

निवासी डॉक्टरांवर हा आघात सर्वांत खोल होतो. त्यांच्याकडे बऱ्या झालेल्या रुग्णांच्या आठवणींची शिदोरी अजून जमलेली नसते.

हिंसा आणि सक्ती

तीव्र मनोविकारांच्या वॉर्डात आणि आपत्कालीन विभागात धमक्या आणि मारहाण यांचा धोका अधिक असतो. मनोविकार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. धोका वाढवतात ते अपुरे कर्मचारी, कोंदट आणि गर्दीचे वॉर्ड, रुग्णांना तासन्‌तास ताटकळत ठेवणे आणि धोक्याची घंटा वाजली तरी कोणी न येणे. मार खाल्लेल्या डॉक्टरला ‘या शाखेत हे चालायचेच’ असे सांगितले जाते, तेव्हा जखमेपेक्षा ते वाक्य जास्त काळ लक्षात राहते.

सक्तीचे उपचार ही याचीच दुसरी बाजू. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याला थांबवणे, इंजेक्शन देणे, कधी बांधणे, हे कायद्याने मान्य आणि प्रसंगी जीव वाचवणारे असले तरी करणाऱ्याच्या मनावर ओरखडा उठतो. पुरेशी माणसे असती तर समजूत घालून निभावले असते, हे त्याला ठाऊक असेल तर तो ओरखडा चरतो. मूळ युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी वापरली गेलेली ‘नैतिक इजा’ (योग्य काय हे ठाऊक असूनही त्याविरुद्ध वागावे लागल्याने मनाला होणारी जखम) ही संकल्पना 2018 मध्ये वेंडी डीन आणि सायमन टॅलबॉट यांनी डॉक्टरांना लागू केली. बर्नआउट हा शब्द दोष डॉक्टरच्या कणखरपणाकडे ढकलतो, असा त्यांचा आक्षेप होता. डीन स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

एकटेपणा आणि कलंक

एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला अवघड रुग्णाविषयी विचारायला शेजारच्या खोलीत कोणी नसते. दूरस्थ सल्ल्याने प्रवास वाचला, पण दोन रुग्णांमधला मोकळा श्वासही गेला. दुर्गम भागात आजूबाजूचे सगळेच कधी ना कधी रुग्ण किंवा रुग्णाचे नातेवाईक असल्याने डॉक्टरला साधे मैत्र जोडणेही अवघड होते. मनोविकारांवरचा कलंक उपचार करणाऱ्यालाही चिकटतो. इतर शाखांचे डॉक्टर ही शाखा दुय्यम मानतात, निधी वाटताना तिची पाळी शेवटी येते. शिवाय स्वतःला मदत लागली तर जायचे कोणाकडे? जवळचा प्रत्येक तज्ज्ञ एक तर सहकारी असतो, नाही तर आपला जुना शिक्षक.

काय उपयोगी पडते

डॉक्टरांमधील बर्नआउटवरच्या उपायांचे 2017 मधील एकत्रित विश्लेषण सांगते, की वैयक्तिक उपायांपेक्षा कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम जास्त असतो. ध्यानाची कार्यशाळा वाईट नसते. पण ती ड्युटी संपल्यावरच्या वेळेत, सक्तीने ठेवली की तीही बोजाच होते. मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये सुरू केलेल्या गटचर्चा आजही अनेक देशांत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा भाग आहेत. त्यांत एक जण एखाद्या रुग्णाविषयी बोलतो आणि गट निदानावर नव्हे, त्या रुग्णाने डॉक्टरच्या मनात काय जागे केले यावर विचार करतो. हा वेळ वेळापत्रकात राखून ठेवलेला असेल तरच गट टिकतो.

आत्महत्येनंतरची व्यवस्था तर फारशा खर्चाविना उभी करता येते. त्या दिवसाचे उरलेले रुग्ण दुसऱ्याने पाहायचे. नातेवाइकांना भेटताना वरिष्ठाने सोबत बसायचे. ज्याच्यावर असा प्रसंग आधी ओढवला आहे अशा सहकाऱ्याने त्याच संध्याकाळी फोन करायचा, आणि आठवड्याने पुन्हा एकदा.