परदेशातल्या खरेदीवरचा टॅक्स परत का मिळतो, त्यामागची गोष्ट

पुण्यातून मे महिन्यात युरोपला निघणाऱ्या ग्रुप टूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, की तिकडे घेतलेल्या वस्तूंवरचा टॅक्स एअरपोर्टवर परत मिळतो म्हणतात तो कसा आणि का. कसा ते टूर मॅनेजर सांगतो, फॉर्म घ्या, शिक्का मारून घ्या, खिडकीवर द्या. पण का, ते सहसा कोणी सांगत नाही, आणि माझं म्हणणं असं की ते कळलं की बाकीचे नियम, जे एरवी उगाच छळ वाटतात, ते आपोआप समजायला लागतात. म्हणून जरा मुळापासून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे हा डिस्काउंट नाही, पाहुण्याला दिलेली भेटही नाही. टॅक्स तिथेच लागावा जिथे वस्तू वापरली जाणार, एवढं एकच तत्त्व यामागे आहे. आपल्याला हे तत्त्व अजिबात नवीन नाही, पुण्याच्या वेशीवर जकात नाके होते तेव्हाचं आठवा. शहरात वापरायला किंवा विकायला जो माल आत येतो त्यावर जकात, नुसता शहरातून पुढे जाणारा माल असेल तर त्याचा हिशोब वेगळा, आणि जकात भरलेला माल ठरावीक मुदतीत परत शहराबाहेर गेला तर कागद दाखवून रिफंड मागायची सोय नियमांत होती. २०१३ च्या एप्रिलमध्ये पुण्याची जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, पुढे तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता २०१५ मध्ये गेला, पण वापर जिथे टॅक्स तिथे हा विचार काही गेला नाही, आजच्या जीएसटीचा पायाही तोच आहे.

देशांच्या पातळीवर हाच नियम निर्यातीला लागतो. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातच मान्य झालं होतं की निर्यात होणाऱ्या मालावरचा देशांतर्गत टॅक्स माफ केला किंवा परत दिला तर त्या कारणाने दुसऱ्या देशाने त्या मालावर जादा ड्यूटी लावायची नाही. पण भांडण मिटलं नव्हतं. युरोपात कोळसा आणि पोलादाची सामायिक बाजारपेठ झाली तेव्हा जर्मन लोक तक्रार करायला लागले की फ्रान्स आपल्या पोलादावरचा टॅक्स निर्यात करताना परत देतो आणि आमच्या पोलादावर मात्र आत येताना लावतो, हा कुठला न्याय. यावर १९५३ मध्ये यान टिनबर्गन या डच अर्थतज्ज्ञाच्या समितीने अहवाल दिला (यांनाच पुढे १९६९ चं अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं) आणि त्यात हीच पद्धत चालू ठेवायला हरकत नाही असं म्हटलं. तेव्हा विषय पोलादाचा होता, कोणाच्या बॅगेतल्या परफ्यूमचा नाही.

बॅगेतला परफ्यूम यात आला तो व्हॅटमुळे. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये मोरिस लोरे या टॅक्स खात्यातल्या अधिकाऱ्याच्या कल्पनेवरून व्हॅट सुरू झाला, प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेल्या किमतीवर टॅक्स आणि आधी भरलेला वजा करायचा, आपल्या जीएसटीतल्या इनपुट क्रेडिटचा पूर्वज तो हाच. सुरुवातीला तो उत्पादक आणि घाऊक व्यापाऱ्यांपर्यंतच होता. किरकोळ दुकानांपर्यंत तो पोचला १९६८ मध्ये, आणि मला विचाराल तर या सगळ्या कथेतली खरी महत्त्वाची तारीख ही आहे. कारण तिथून पुढे काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या बिलात मोठा टॅक्स बसायला लागला, आणि तो माणूस तर परदेशी, वस्तू घेऊन चार दिवसांनी घरी जाणारा. मग ही निर्यातच नाही का? कंटेनर नसेल, सूटकेस असेल, पण माल देशाबाहेरच चाललाय. डेन्मार्कमध्ये व्हॅट १९६७ ला आला, जर्मनीत १९६८, स्वीडनमध्ये १९६९, ब्रिटनमध्ये १९७३, म्हणजे पाच-सहा वर्षांत हा प्रश्न अर्ध्या युरोपासमोर आला आणि युरोपियन समुदायाने १९६९ मध्येच प्रवाशांसाठीचे नियम करताना किरकोळ खरेदीवरचा टॅक्स परत देण्याची तरतूद करून टाकली.

इथे एक घोळ सोडवायलाच हवा, कारण बहुतेक जण इथेच गडबडतात. एअरपोर्टवरची ड्यूटी फ्री दुकानं हा वेगळा प्रकार आहे. त्याचा जन्म आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर झाला. तेव्हाची विमानं अटलांटिक ओलांडताना इंधनासाठी तिथे थांबायची, प्रवासी तासन्‌तास बसून असायचे, आणि ब्रेंडन ओ'रिगन यांनी असा विचार मांडला की हे लोक कायद्याच्या दृष्टीने आयर्लंडमध्ये आलेलेच नाहीत तर त्यांना आयर्लंडचा कर कशाला. १९४७ मध्ये तसा कायदाच झाला. पुढे १९८३ मध्ये दुबई ड्यूटी फ्री उभं करायला याच शॅननकडची मंडळी गेली होती, म्हणजे दुबईहून येताना आपण जी चॉकलेटं घेतो त्यांची नाळ एका आयरिश विमानतळाशी जुळते, मला ही फार आवडणारी गोष्ट आहे. पण मुद्दा हा की ड्यूटी फ्रीमध्ये टॅक्स आधीच लागत नाही, आणि रिफंडमध्ये तुम्ही शहरातल्या साध्या दुकानात पूर्ण टॅक्स भरता आणि मग वस्तू देशाबाहेर नेली हे सिद्ध करून परत मागता. सगळी मेहनत त्या सिद्ध करण्याची आहे.

सुरुवातीला ही मेहनत भयंकर होती. दुकानातून कागद घ्यायचा, निघताना कस्टम्सचा शिक्का घ्यायचा, तो कागद दुकानाला पोस्टाने पाठवायचा आणि मग दुकान परकीय चलनातला चेक पाठवणार त्याची घरी बसून वाट बघायची. यातून एक नवा धंदा निघाला. १९८० मध्ये स्वीडनमध्ये एक कंपनी सुरू झाली, तीच आजची ग्लोबल ब्लू, आणि १९८५ मध्ये आयर्लंडमध्ये प्रीमियर टॅक्स फ्री, तिचं आजचं नाव प्लॅनेट. यांनी सांगितलं की शिक्का मारलेला कागद आम्हाला द्या, पैसे आम्ही जागेवर देतो, दुकानाकडून आम्ही वसूल करू, फक्त आमची फी कापून. सोय खरंच मोठी झाली पण फी पण मोठी आहे, ते आकड्यात बघा. फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के, पण तो मूळ किमतीवर, म्हणजे १२०० युरोच्या बॅगेत टॅक्स २०० युरो, लेबलवरच्या किमतीच्या साधारण पावणेसतरा टक्के. हातात मात्र साधारण १२ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे १४४ युरो. उरलेले ५६ मधल्यांचे. "वीस टक्के परत" असं कोणी दुकानात सांगितलं तर हे गणित लक्षात ठेवा, आणि रोख घेतली तर काही ठिकाणी अजून थोडं कापतात, कार्डावर घेतलेलं बरं.

१ जानेवारी १९९३ ला युरोपची एकच बाजारपेठ झाली आणि आतल्या आत फिरणाऱ्यांचा रिफंड संपला, कारण सीमाच उरली नाही तर निर्यात कुठली. १९९९ च्या जुलैमध्ये आतल्या प्रवासाची ड्यूटी फ्री पण बंद झाली. तेव्हापासून रिफंड फक्त युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्यांना. इथे राहणारा हा शब्द महत्त्वाचा, पासपोर्ट कुठला हे नाही. आपल्या कोथरूड-बाणेरची कितीतरी मुलं जर्मनीत एमएस करतायत, ती तिथे राहतात म्हणून त्यांना मिळत नाही, त्यांना भेटायला गेलेल्या आई-बाबांना मिळतो, पण खरेदी आई-बाबांची हवी, फॉर्म त्यांच्या नावाचा हवा आणि वस्तू त्यांच्याबरोबर बाहेर जायला हवी, घेतलेल्या महिन्यानंतरचा तिसरा महिना संपायच्या आत.

आता शिक्क्याची भानगड का, ते लगेच कळेल. वस्तू बाहेर चाललीय याचा तो एकमेव पुरावा. म्हणून शिक्का शेवटच्या युरोपियन युनियन देशातून निघताना घ्यायचा, मधल्या देशात नाही. आणि इथेच आपल्या टूरवाल्यांची हमखास पंचाईत होते, कारण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. पॅरिसला खरेदी केली, मग बसने स्वित्झर्लंड आणि परतीचं विमान झुरिकहून, तर युनियनमधून बाहेर तुम्ही रस्त्यावरच्या त्या सीमेवर पडलात, शिक्का तिथेच घ्यायला हवा होता, झुरिक एअरपोर्टवर फ्रान्सच्या कागदाचं काही होत नाही. तेच स्वित्झर्लंडनंतर रोम करून रोमहून परत असाल तर रोमला होतं. बस थांबवायला टूर मॅनेजरला आधी सांगून ठेवा, लाजू नका. वस्तू न वापरलेली हवी, कस्टम्सने मागितली तर दाखवता आली पाहिजे, त्यामुळे मोठी बॅग चेक-इनला देऊन टाकायच्या आधी हे काम करायचं. फ्रान्समध्ये २०१४ पासून पाब्लो नावाची मशीन आहेत, बारकोड दाखवला की शिक्क्याचं काम होतं, स्पेनमध्ये तशीच दिवा नावाची पद्धत.

किती खरेदीला मिळतो हे देशागणिक वेगळं. युनियनचा नियम एवढाच की ही मर्यादा १७५ युरोच्या वर ठेवता येत नाही, खाली कितीही आणा. स्पेनने २०१८ मध्ये ती काढूनच टाकली, जर्मनीने २०२० पासून ५० युरो केली, इटलीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळजवळ १५५ वरून ७० वर आणली, फ्रान्सची १०० आहे. हे देश एकमेकांकडचं गिऱ्हाईक ओढतायत, दुसरं काय.

जपानने वेगळा रस्ता धरला होता. तिथे १९८९ मध्ये ३ टक्के कन्झम्प्शन टॅक्स आला, वाढत वाढत २०१९ मध्ये १० झाला, आणि टुरिस्टला दुकानातच पासपोर्ट दाखवून टॅक्स वजा करून बिल मिळायचं, ५००० येनच्या वर खरेदी हवी. आधी भरा मग मागा असं नाहीच. २०१४ मध्ये खाण्याच्या वस्तू आणि कॉस्मेटिक्स पण यात आणले, सीलबंद पिशवीत. इतका विश्वास टाकलेली दुसरी मोठी व्यवस्था मला तरी दिसत नाही. पण लोकांनी टॅक्स न भरता मोबाईलसारखा माल ढिगाने उचलून जपानमध्येच विकायला सुरुवात केली, आणि शेवटी सरकारने ठरवलं की १ नोव्हेंबर २०२६ पासून तिथेही आधी टॅक्स भरायचा आणि निघताना परत घ्यायचा. वाईट वाटतं, पण वस्तू बाहेर गेलीच नाही तर ती निर्यात नाही, त्यामुळे त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

ब्रिटनने तर दारच लावून घेतलं. ब्रेक्झिटनंतर युरोपियन पाहुण्यांनाही हा रिफंड द्यावा लागला असता, तो खर्च नको म्हणून २०२१ च्या सुरुवातीला योजना बंद केली. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी परत आणायची घोषणा केली आणि महिनाभरात नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ती रद्दही केली. तेव्हा लंडनहून परत येताना खिडकी शोधत बसू नका (उत्तर आयर्लंड तेवढं वेगळं आहे). मात्र दुकानाने माल थेट परदेशातल्या पत्त्यावर पाठवला तर व्हॅट आजही लागत नाही. म्हणजे पार्सल असेल तर निर्यात आणि बॅग असेल तर नाही, हे तर्काला धरून नाही असं माझं स्पष्ट मत.

आशियात सिंगापूरमध्ये १९९४ ला जीएसटी आला, आज ९ टक्के आहे आणि १०० सिंगापूर डॉलरच्या खरेदीपासून रिफंड. ऑस्ट्रेलियात तर तिथे राहणाऱ्यांनाही मिळतो, ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरची खरेदी आणि ६० दिवसांच्या आत निघायचं, टॅक्स १० टक्के म्हणून बिलाचा अकरावा भाग. दुबईत व्हॅट आला २०१८ च्या जानेवारीत, ५ टक्के, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टुरिस्ट रिफंड सुरू. २५० दिरहॅमपासून पुढे, सुरुवातीला व्हॅटच्या ८५ टक्के परत आणि प्रत्येक फॉर्ममागे ४.८० दिरहॅम कापून. पुण्यातली मंडळी तिथून सोनं घेतात म्हणून एक सांगतो, तिकडचा टॅक्स परत मिळाला याचा अर्थ इकडचा माफ झाला असा नाही. तत्त्व तेच, वापर भारतात तर टॅक्स भारताचा. सोन्याच्या दागिन्यांची कस्टम्समधली खास सूट ही वर्षाहून जास्त परदेशात राहून आलेल्यांसाठी आहे, आठवडाभर फिरून आलेल्यांसाठी नाही, आणि बाकी सामानालाही मर्यादा असते, २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपयांची होती. तेव्हा जी मर्यादा लागू असेल तिच्या वर गेलात तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावर किंवा मुंबईला रेड चॅनेलमधून (सामान कस्टम्सला जाहीर करायची वाट) जा आणि भरा.

आणि उलट बाजू? लक्ष्मी रोडवर एखाद्या जर्मन बाईंनी पैठणी घेतली तर त्यांना ५ टक्के जीएसटी परत मिळतो का, दागिन्यावरचे ३ टक्के? आयजीएसटी (आंतरराज्य आणि आयात-निर्यात व्यवहारांचा जीएसटी) कायद्याचं २०१७ सालचं कलम १५ याचसाठी आहे, सहा महिन्यांपर्यंत राहायला आलेल्या परदेशी पाहुण्याला परतीच्या वेळी टॅक्स परत, असं त्यात लिहिलंय. पण ती व्यवस्था काही उभी राहिलेली नाही. त्याच्याच पुढचं कलम १६ निर्यातीला शून्य दर देतं आणि ते रोज चालतं, चाकणहून गाडीचे पार्ट बाहेर जातात ते त्याच्याच आधारावर. मला हे मनापासून खटकतं, कारण आपले विणकर आणि कारागीर ज्या वस्तू करतात त्याच तर पाहुणे घेऊन जातात. तोवर एक रस्ता आहे, दुकानदाराकडे आयात-निर्यात कोड असेल आणि त्याने एलयूटी (टॅक्स न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरलेलं असेल तर पैठणी दुकानातून थेट परदेशातल्या पत्त्यावर पाठवायची, मग ती निर्यात धरली जाते आणि टॅक्स लागत नाही, कुरिअरचा खर्च तेवढा येतो.