आधी हनुवटी, मग मास्क

आमच्या सोसायटीतले एक आजोबा टीव्ही बघता बघता बेशुद्ध झाले. घरच्यांनी त्यांना उचलून पलंगावर निजवलं. २०२१च्या लाटेत घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात होताच, तो सुरू केला. मी पोचलो तेव्हा तोंडावर मास्क, डोक्याखाली दोन जाड उशा, आणि आजोबा मोठमोठ्याने घोरतायत. ‘आता बघा कसे शांत झोपलेत,’ असं कोणीतरी म्हणालं. ऑक्सिमीटर ८४ दाखवत होता आणि आकडा उतरत होता.

तळमजल्यावरच्या निवृत्त सिस्टर आल्या. मशीनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उशा ओढून काढल्या, एक हात कपाळावर ठेवून मान मागे कलवली, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटीचं हाड वर उचललं. घोरणं तिथल्या तिथे थांबलं. मास्कवर श्वासाची वाफ धरू लागली. आकडा वर यायला थोडा वेळ लागला. बोटावरचा आकडा नेहमीच मागून येतो.

आपण ‘ऑक्सिजन लावला’ म्हणतो तेव्हा दोन वेगळी कामं एकाच शब्दात गुंडाळतो. नाकातोंडापासून फुफ्फुसापर्यंतची वाट मोकळी ठेवणं हे एक, आणि त्या वाटेने जाणाऱ्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वाढवणं हे दुसरं. पाइपवर पाय असेल तर नळ कितीही सोडा, झाडाला पाणी मिळत नाही.

बेशुद्ध माणसात हा पाय म्हणजे बहुतेक वेळा त्याची स्वतःचीच जीभ. ती खालच्या जबड्याला जोडलेली असते. शुद्ध हरपली की स्नायू सैल पडतात आणि उताण्या माणसाची जीभ घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. उशी हनुवटी छातीकडे ढकलून त्यात भर घालते. जबडा वर उचलला की जीभही त्याच्याबरोबर उठते. ‘जीभ गिळली’ म्हणून तोंडात चमचा खुपसणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी बरेच दात वाचतील.

गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत जेम्स एलाम आणि पीटर सफार या डॉक्टरांनी हे पडताळून पाहिलं. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आपण सोडलेल्या उच्छ्वासात साधारण १६-१७. ही उष्टी हवासुद्धा श्वास थांबलेल्या माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन टिकवू शकते, हे एलामनी दाखवलं. सफार यांनी औषधाने स्नायू शिथिल केलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. मान मागे कलवली की बंद वाट उघडत होती. म्हणजे वाट खुली असेल तर उष्टी हवाही चालते, आणि वाट बंद असेल तर शुद्ध ऑक्सिजनही मास्कमध्येच फिरत राहतो.

वाटेचा त्रास कानाला कळतो. बेशुद्धीतलं घोरणं म्हणजे जीभ. गुळण्या केल्यासारखी घरघर म्हणजे घशात उलटी, रक्त किंवा लाळ. अशा माणसाला कुशीवर वळवायचं. श्वास आत घेताना शीळ वाजली तर घसा अरुंद झालाय. आणि मधूनच एखादा आचका, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा, तो श्वास मानायचाच नाही. तिथे १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात.

ऑक्सिजनची गरज निराळी दिसते. न्यूमोनिया, दम्याचा झटका, फुफ्फुसात पाणी. असा माणूस बसून धापा टाकत तुटक का होईना बोलतो, म्हणजे वाट उघडी आहे. त्याची मान वाकवू नका आणि त्याला बळजबरीने आडवंही करू नका. बसण्यातच त्याचा श्वास चालतो. गॅस गिझरच्या कोंदट बाथरूममधून बाहेर काढलेल्या माणसाला तर ऑक्सिजन हेच औषध. तिथे साठणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ऑक्सिमीटरला फसवतो, आकडा ९८ दिसला तरी विश्वास ठेवू नये.

उपकरणांतही गल्लत होते. नाकातली नळी मिनिटाला १ ते ६ लिटरवर चालते. साधा मास्क ५ च्या खाली चालवू नये, सोडलेली हवा आतच साठते. ऑक्सिजन साठवणारी पिशवी लावलेल्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात. घरातल्या पाच लिटरच्या मशीनला तो जोडला तर पिशवी चिपाडासारखी चपटी होते. सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला ९८ वर नेण्याचा अट्टहासही नको, डॉक्टर सहसा ८८ ते ९२ पुरे मानतात.

१०८ आली तोवर सिस्टरांचा हात हनुवटीवरून हलला नव्हता. डॉक्टरांनी पिशवीतून वाकडी प्लॅस्टिकची नळी काढली, ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत गालावर धरून माप घेतलं. शुद्धीतल्या माणसाला ही घातली तर उबळ येऊन उलटी होते, म्हणून आधी आजोबांना दोनदा हाक मारून, खांदा चिमटून पाहिला. काहीच हालचाल नाही. नळी जिभेच्या मागे बसली, सिस्टरांनी हात सोडला, आणि मग डॉक्टरांनी सिलिंडरची किल्ली फिरवली.