खुपऱ्यांचं औषध आणि होनियारातल्या गरोदर बायका

पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर 2014 साली खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा हा डोळ्यांचा आजार, हटवण्यासाठी सरसकट सगळ्यांना ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा एक डोस दिला गेला. दहा महिन्यांनी राजधानी होनियारात गरोदर बायकांची तपासणी झाली, तर जननमार्गातल्या क्लॅमिडियाचं, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका संसर्गाचं, प्रमाण 20 टक्क्यांवरून 14 टक्क्यांच्या आसपास उतरलेलं! औषध डोळ्यांसाठी होतं, पण दोन्ही आजारांचा जंतू एकच: क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. त्याचे काही वाण डोळ्यांत राहतात, काही जननमार्गात.

हा जंतू पेशीच्या आत शिरून वाढतो. मग शरीर इंटरफेरॉन-गॅमा हे बचावाचं प्रथिन सोडतं आणि पेशी स्वतःजवळचं ट्रिप्टोफॅन मोडून टाकते. हे अमिनो आम्ल मिळालं नाही की जंतूची उपासमार होते. डोळ्यांतले वाण इथे अडकतात. जननमार्गातल्या वाणांकडे मात्र ट्रिप्टोफॅन सिंथेज हे ट्रिप्टोफॅन बनवणारं एन्झाइम शाबूत असतं. योनीतले काही जीवाणू इंडोल नावाचं संयुग बाहेर टाकतात. शेजारून विरजण आणून घरी दही लावावं, तसा क्लॅमिडियाचा हा वाण ते इंडोल घेऊन ट्रिप्टोफॅन तयार करतो. इंडोलही नसेल तर विभाजन थांबवतो, फुगून पडून राहतो आणि पुरवठा सुरू झाला की पुन्हा वाढायला लागतो. मला तर याचं वेडच लागलंय.

बहुतेक बायकांना यातलं काहीच जाणवत नाही. ना दुखणं, ना अंगावरून जाणं. आत मात्र बीजनलिकांना व्रण पडून त्या बंद होऊ शकतात. मग मूल होत नाही म्हणून बाईलाच वांझ ठरवायचं आणि अंगारे-धुपारे करायचे, हे आपल्याकडे अजून चालतं, याची चीड येते.

2004-05 मध्ये फिजी, सामोआ, टोंगा, वानुआतू, किरिबाटी आणि सॉलोमन बेटांवर गरोदर बायका तपासल्या, तेव्हा 18 टक्के जणींना क्लॅमिडिया निघाला. पंचविशीच्या आतल्यांत 26 टक्के. प्रयोगशाळा हाताशी नसली की तक्रार ऐकून औषध देतात. जिची तक्रारच नाही, ती सुटते.

म्हणून सगळ्यांनाच गोळ्या वाटत सुटावं का? नाही. होनियारात 14 टक्के उरलेच, आणि ॲझिथ्रोमायसिनला दाद न देणारे गोनोरियाचे (परम्याचे) जंतू जगभर वाढताहेत. पापुआ न्यू गिनीतली वाट मला पटते: गरोदर बाई आडोशाला जाऊन कापसाच्या काडीने स्वतःच नमुना घेते, दवाखान्यातलंच यंत्र दीड तासात निकाल देतं आणि औषध त्याच दिवशी मिळतं. नवऱ्यालाही तेव्हाच द्यायला हवं, नाहीतर महिन्याभरात तोच जंतू परत घरात.